सबडोमेनवरच्या ईमेल ऑथेंटिकेशनची देखरेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या हातात डोमेनचा डीएनएस आहे आणि ज्यांच्या इनबॉक्समध्ये डीमार्कचे रिपोर्ट न उघडता साठत आहेत, त्यांच्यासाठी हे पान आहे. एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्हींपैकी काहीच फ्रॉममधल्या नावाशी जुळलं नाही तर मेलचं काय करायचं ते सांगणारी पॉलिसी) यांची तोंडओळख असल्याचं धरून चाललो आहोत. टॅगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; प्रत्यक्ष रेकॉर्डमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत जातात. उदाहरणांत सगळीकडे एक्झाम्पल डॉट कॉम हेच डोमेन घेतलं आहे.

मुख्य डोमेनवर डीमार्क लावलेलं आहे. मग सबडोमेनकडे वेगळं लक्ष कशाला द्यायचं?

कारण मुख्य डोमेनवरून सहसा माणसं मेल पाठवतात आणि सबडोमेनवरून यंत्रं. इनव्हॉइस, पासवर्ड रीसेट, न्यूजलेटर, सपोर्टची तिकिटं, सर्व्हरचे अलर्ट यांतलं प्रत्येक काम वेगळ्या व्हेंडरकडे असतं, ते वेगळ्या टीमने सुरू केलेलं असतं, आणि त्यातल्या निम्म्या टीमना आपण डीएनएसशी खेळतोय याचा पत्ताही नसतो. मुख्य डोमेनवर काही बिघडलं तर तासाभरात कुणीतरी ओरडतं. इनव्हॉइसच्या सबडोमेनवर बिघडलं तर महिनाअखेरीला वसुली का अडकली हे शोधताना कळतं.

दुसरं कारण नकली मेलचं. मुख्य दाराला कुलूप दिसलं की मागचं दार शोधलं जातं. एक्झाम्पल डॉट कॉमच्या नावाने मेल जात नाही असं दिसलं, की पेमेंट्स डॉट एक्झाम्पल डॉट कॉम किंवा एचआर डॉट एक्झाम्पल डॉट कॉम असं नाव बेधडक वापरलं जातं. असं सबडोमेन अस्तित्वात असण्याचीही गरज नसते. मेल वाचणाऱ्याला कुठे माहीत असतं, तुमच्याकडे कोणती नावं खरी आहेत ते!

मुख्य डोमेनकडून सबडोमेनला आपोआप काय मिळतं आणि काय मिळत नाही?

या विषयातला निम्मा गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

एसपीएफ मिळत नाही. एसपीएफची व्याख्या करणाऱ्या आरएफसी ७२०८ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजामध्ये वारसा ही कल्पनाच नाही. मुख्य डोमेनचं रेकॉर्ड कितीही चोख असो, न्यूज डॉट एक्झाम्पल डॉट कॉम या नावावर स्वतःचं टीएक्सटी रेकॉर्ड नसेल तर तपासणीचं उत्तर ‘नन’ (म्हणजे रेकॉर्डच नाही) असं येतं.

डीकेआयएमचं गणित वेगळं आहे. त्याची चावी सिलेक्टर (चावीचं नाव), मग अंडरस्कोअर डोमेनकी, मग डोमेन अशा नावावर ठेवलेली असते आणि सहीतला डी टॅग जे डोमेन सांगतो, तिथेच ती शोधली जाते. सबडोमेनच्या मेलवर मुख्य डोमेनच्या नावाने सही केली तर चालतं. अलाइनमेंट, म्हणजे फ्रॉममधल्या नावाशी जुळण्याची अट, सैल असेल तर डीमार्कला तेवढं पुरतं. पण ती सही कुणीतरी मुद्दाम करावी लागते, आपोआप काही होत नाही.

डीमार्कची पॉलिसी मात्र मिळते. मेल स्वीकारणारा सर्व्हर आधी फ्रॉम ओळीतल्या नेमक्या नावाखाली अंडरस्कोअर डीमार्कचं रेकॉर्ड शोधतो. तिथे काही नसेल तर थेट ऑर्गनायझेशनल डोमेनकडे, म्हणजे आपल्या उदाहरणात एक्झाम्पल डॉट कॉमकडे जातो. तिथे एसपी (सबडोमेनची पॉलिसी सांगणारा) टॅग असेल तर तो लागू होतो, नसेल तर पी टॅगची पॉलिसीच सबडोमेनला लागते. पॉलिसी तीन: नन (काही करू नका), क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका) आणि रिजेक्ट (नाकारा).

आणि आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: सबडोमेनला स्वतःचं डीमार्क रेकॉर्ड दिलंत की मुख्य डोमेनचं रेकॉर्ड त्या सबडोमेनपुरतं संपूर्ण बाजूला पडतं. फक्त पॉलिसी नव्हे, रिपोर्टचा पत्तासुद्धा. दोन्ही रेकॉर्डची बेरीज होत नाही.

सबडोमेनचे रिपोर्ट अचानक यायचे थांबले. काय झालं असेल?

बहुतेक वेळा वर सांगितलेलंच. व्हेंडरच्या सेटअप पानावर ‘हे रेकॉर्ड टाका’ म्हणून एक तयार ओळ असते, तीत पी=नन एवढंच असतं आणि रिपोर्टचा पत्ता सांगणारा आरयूए टॅग नसतो. कुणीतरी ती निमूटपणे चिकटवतं. व्हेंडरच्या डॅशबोर्डवर हिरवी खूण येते, आणि त्याच दिवसापासून ते सबडोमेन तुमच्या नजरेआड होतं. वर मुख्य डोमेनवर रिजेक्ट असेल तर तेही त्या सबडोमेनपुरतं ननवर घसरतं.

दुसरी शक्यता म्हणजे एकाच नावावर दोन डीमार्क रेकॉर्ड. तसं झालं तर स्वीकारणारा सर्व्हर दोन्ही सोडून देतो आणि तिथे डीमार्क नाहीच असं धरतो. अर्थात, त्या सबडोमेनवरून मेल जाणंच बंद झालं असेल तरीही रिपोर्ट थांबतात. म्हणून आधी डीएनएस दाखवणाऱ्या डिग किंवा एनएसलूकअपने रेकॉर्ड बघा, मग पाठवणाऱ्या टीमला फोन करा.

आमची नेमकी किती सबडोमेन मेल पाठवतात, हेच ठाऊक नाही. सुरुवात कुठून करायची?

यादी बनवण्यापासून. ती कंटाळवाणी असते आणि कधीच पूर्ण होत नाही, तरीही पर्याय नाही. एका जागेवरून ती मिळणार नाही, चार ठिकाणची जुळवावी लागते.

पहिली जागा तुमचा डीएनएस झोन. तो पूर्ण एक्सपोर्ट करा आणि एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरने घ्यायची ते सांगणारं रेकॉर्ड), एसपीएफचं टीएक्सटी, अंडरस्कोअर डोमेनकी किंवा अंडरस्कोअर डीमार्क यांपैकी काहीही असलेली नावं वेगळी काढा. सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी) रेकॉर्डही सोडू नका. बऱ्याच मेल सेवा डीकेआयएमच्या चाव्या आणि बाउन्सचे पत्ते सीनेमनेच जोडून घेतात. एखादं सबडोमेन वेगळ्या नेमसर्व्हरकडे सोपवलेलं असेल तर त्याचा झोन वेगळा मागवावा लागेल. नेमका तोच विसरला जातो.

दुसरी जागा डीमार्कचे ॲग्रिगेट (एकत्रित मोजदादीचे) रिपोर्ट. मुख्य डोमेनवर पी=नन आणि आरयूए एवढंच लावून दोन-तीन आठवडे थांबलात, तरी ज्या सबडोमेनना स्वतःचं रेकॉर्ड नाही ती सगळी रिपोर्टच्या हेडर फ्रॉममध्ये (मेलच्या फ्रॉम ओळीतलं डोमेन) दिसू लागतात. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक यादी हीच. झोनमध्ये काय लिहिलंय त्यापेक्षा जगात तुमच्या नावाने काय फिरतंय, हे ती दाखवते. महिन्यातून किंवा तिमाहीतून एकदाच जाणाऱ्या मेल तेवढ्या या खिडकीत निसटतात. वार्षिक विवरणपत्रं, ऑडिटच्या सूचना वगैरे.

तिसरी जागा सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीचे लॉग. सार्वजनिक विश्वासाची टीएलएस सर्टिफिकेट या लॉगमध्ये नोंदली जातात आणि ते कुणालाही शोधता येतात. तिथे विसरलेली नावं हमखास सापडतात, फक्त वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनना मिळून एकच) सर्टिफिकेटमागची नावं दिसत नाहीत.

चौथी जागा अकाउंट्स विभाग. गंमत नाही. कोणत्या मेल पाठवणाऱ्या सेवांना पैसे जातात हे त्यांच्या बिलांत असतं, आणि आयटीला न कळवता घेतलेली सेवा फक्त तिथेच सापडते.

यादीत प्रत्येक नावापुढे सेवा कोणती, सिलेक्टर कोणता आणि मालक कोण, एवढं तरी लिहा. मालक म्हणजे टीमचं नाव, व्यक्तीचं नाही. माणसं नोकरी सोडून जातात.

ॲग्रिगेट रिपोर्ट येतात, पण त्यांत काय वाचायचं ते कळत नाही.

रिपोर्ट एक्सएमएल असतो, बहुधा जीझिप करून जोडलेला. फाइलच्या नावात रिपोर्ट पाठवणाऱ्याचं डोमेन, तुमचं डोमेन आणि सुरुवात-शेवटाची युनिक्स वेळ उद्गारचिन्हांनी जोडलेली असते. साधारण २४ तासांचा एक रिपोर्ट. आत मजकूर, विषय, पाठवणाऱ्या-घेणाऱ्यांचे पत्ते यांपैकी काही नसतं, नुसती मोजदाद असते.

एक नोंद जवळून बघू. सोर्स आयपी १९२.०.२.४५, काउंट ३४०. पॉलिसी इव्हॅल्युएटेड या भागात डिस्पोझिशन नन, डीकेआयएम फेल, एसपीएफ फेल. हेडर फ्रॉम: इनव्हॉइस डॉट एक्झाम्पल डॉट कॉम. एवढं वाचून कुणीही म्हणेल, नकली मेल आहे, अडवा.

पण खाली ऑथ रिझल्ट्स बघा. तिथे डीकेआयएम पास आहे, फक्त डोमेन बिलिंग सेवेचं स्वतःचं आहे. एसपीएफही पास आहे, तेही त्याच सेवेच्या बाउन्स डोमेनसाठी. म्हणजे व्हेंडरने ओळखपत्र दाखवलं ते स्वतःचं, तुमचं नाही. वरच्या भागातला निकाल अलाइनमेंटसकट असतो, खालचा नुसत्या तपासणीचा. दोन्हींतला हा फरक ज्याला दिसू लागला, त्याला रिपोर्ट वाचता येऊ लागला. या ३४० मेल तुमच्याच ग्राहकांना गेलेली खरी बिलं आहेत आणि पॉलिसी रिजेक्ट केलीत तर तीच परत येतील. उपाय व्हेंडरच्या सेटिंगमध्ये ‘कस्टम डोमेन’ चालू करून तुमच्या नावाने डीकेआयएम सही सुरू करण्याचा.

खऱ्या नकली मेलचा चेहरा निराळा असतो. वेगवेगळ्या नेटवर्कमधले आयपी, प्रत्येकाचा काउंट एक-दोन, डीकेआयएमची नोंदच नाही, आणि फ्रॉममधली सबडोमेन तुम्ही कधी न ऐकलेली.

आणखी एक जागा: पॉलिसी पब्लिश्ड. तिथलं डोमेन म्हणजे ज्या नावावर रेकॉर्ड सापडलं ते. हेडर फ्रॉममध्ये सबडोमेन आणि इथे मुख्य डोमेन दिसलं तर पॉलिसी वरून मिळालेली आहे. दोन्हीकडे सबडोमेनच दिसलं तर त्याचं स्वतःचं रेकॉर्ड आहे, आणि ते तुम्ही टाकलेलं नसेल तर कुणी टाकलं ते शोधा.

डोळ्यांनी एक्सएमएल वाचणं दोन-चार रिपोर्टपुरतं ठीक. पुढे पार्सडीमार्कसारखं मुक्त स्रोत साधन घेऊन आकडे इलॅस्टिकसर्च किंवा तत्सम जागी ओता, नाहीतर तयार सेवा घ्या. कोणतंही साधन घेतलंत तरी त्यात हेडर फ्रॉमनुसार गट पाडता येतात ना, ते आधी तपासा. सगळी सबडोमेन एका डोमेनच्या टक्केवारीत मिसळून दाखवणारा डॅशबोर्ड या कामाला निरुपयोगी आहे. ९८ टक्के पास दिसत असताना उरलेल्या २ टक्क्यांत अख्खं इनव्हॉइस सबडोमेन असू शकतं.

सबडोमेनला स्वतःचं डीमार्क रेकॉर्ड द्यावं की नको?

गरज नसेल तर देऊ नका. रेकॉर्ड जितकी कमी तितकी देखरेख सोपी. तीन परिस्थितींत मात्र द्यावं: त्या सबडोमेनची पॉलिसी इतरांपेक्षा वेगळी ठेवायची असेल, रिपोर्ट दुसऱ्या टीमकडे जायला हवे असतील, किंवा अलाइनमेंट कडक करायची असेल. दिलंत तर आरयूए त्यात हवाच, आणि मुख्य पत्ताही त्यात ठेवा. स्वल्पविराम देऊन एकापेक्षा जास्त पत्ते लिहिता येतात.

सबडोमेनच्या रेकॉर्डमध्ये एसपी टॅग लिहून त्याखालच्या नावांना पॉलिसी लावायचा प्रयत्न बरेच जण करतात. २०१५ च्या आरएफसी ७४८९ नुसार तो दुर्लक्षिला जातो.

रिपोर्ट बाहेरच्या सेवेकडे पाठवायचे आहेत. काही वेगळं करावं लागतं का?

तुम्हाला नाही, त्या सेवेला. रिपोर्टचा पत्ता वेगळ्या ऑर्गनायझेशनल डोमेनवर असेल तर ‘या डोमेनचे रिपोर्ट मला चालतील’ असं सांगणारं रेकॉर्ड त्या सेवेने आपल्या डीएनएसमध्ये ठेवावं लागतं: तुमचं नाव, मग अंडरस्कोअर रिपोर्ट, मग अंडरस्कोअर डीमार्क, मग त्यांचं डोमेन. ते नसेल तर नियम पाळणारे सर्व्हर रिपोर्ट पाठवतच नाहीत. ही तपासणी रेकॉर्ड ज्या नावावर आहे त्या नावासाठी होते, म्हणून स्वतःचं रेकॉर्ड असलेलं सबडोमेन सेवेकडे वेगळं नोंदवावं लागू शकतं. मुख्य डोमेनचे रिपोर्ट येतात आणि सबडोमेनचे येत नाहीत, अशा तक्रारीत हे आधी बघा.

सबडोमेनचे रिपोर्ट तुमच्याच मुख्य डोमेनवरच्या पत्त्याला येत असतील तर हा खटाटोप नाही.

एसपी आणि एनपी यांत फरक काय?

एसपी सगळ्या सबडोमेनसाठी, एनपी फक्त अस्तित्वात नसलेल्यांसाठी. एनपी २०२१ च्या आरएफसी ९०९१ मध्ये आला आणि डीमार्कच्या सुधारित आवृत्तीतही, म्हणजे जिला डीमार्कबिस म्हणतात तीतही, तो आहे. तो न ओळखणारे सर्व्हर त्याकडे दुर्लक्ष करतात, त्यामुळे लिहून नुकसान काही नाही. पण संरक्षणाची भिस्त त्याच्यावर नको.

एसपीएफ ‘फेल’ दिसतं, तरी डीमार्क ‘पास’. हे कसं?

डीमार्कला दोघांपैकी एक जुळला तरी चालतं. एसपीएफची तपासणी फ्रॉम ओळीतल्या डोमेनवर होतच नाही. ती होते एन्व्हलप पत्त्याच्या, म्हणजे बाउन्स जिथे परत जातात त्या डोमेनवर. बहुतेक सेवा त्यासाठी बाउन्स डॉट एक्झाम्पल डॉट कॉमसारखं वेगळं सबडोमेन मागतात. व्हेंडरचा इन्क्लूड (त्याची सर्व्हर-यादी एसपीएफमध्ये जोडणारा भाग) तिथे हवा असताना मुख्य डोमेनच्या एसपीएफमध्ये कोंबला जातो. तो तिथे काहीही करत नाही, फक्त १० डीएनएस लूकअपच्या मर्यादेतला वाटा खातो. इन्क्लूड, ए, एमएक्स, पीटीआर, एक्झिस्ट्स आणि रीडायरेक्ट हे सगळे त्या दहात मोजले जातात, आयपी४ आणि आयपी६ नाहीत. मर्यादा ओलांडली की परमएरर, म्हणजे तपासणीच फसते. मुख्य डोमेनवरचे असे निरुपयोगी इन्क्लूड उचलून त्यांच्या खऱ्या सबडोमेनवर नेले, तर ‘एसपीएफ फार लांबलंय’ ही तक्रार बहुतेकदा तिथेच संपते.

अलाइनमेंट कडक ठेवावी का?

सैल अलाइनमेंटमध्ये फ्रॉमचं सबडोमेन आणि सहीचं डोमेन यांचं ऑर्गनायझेशनल डोमेन एक असलं की पुरतं. त्याचा तोटा असा, की एका सबडोमेनवर मेल पाठवायची परवानगी असलेला कोणताही व्हेंडर तांत्रिकदृष्ट्या तुमच्या मुख्य डोमेनच्या नावानेही डीमार्क पास होणारी मेल पाठवू शकतो. हे कळल्यावर काही जण लगेच एएसपीएफ (एसपीएफच्या अलाइनमेंटचा टॅग) कडक करतात आणि वेगळ्या बाउन्स सबडोमेनवर चालणारी सगळी एसपीएफ अलाइनमेंट एका झटक्यात मोडते. मी सहसा दोन्ही सैलच ठेवायला सांगतो. कडकपणा हवाच असेल तर फक्त डीकेआयएमपुरता, तोही आर्थिक व्यवहाराच्या एखाद्या सबडोमेनला, आणि रिपोर्टमध्ये सगळ्या सह्या नेमक्या नावाने होताना दिसल्यावरच.

जी सबडोमेन मेल पाठवतच नाहीत, त्यांचं काय करायचं?

मुख्य डोमेनवर एसपी=रिजेक्ट हा त्यांच्यासाठी पुरेसा उपाय आहे. शिवाय ज्या नावांवर वेबसाइट वगैरे आहे, तिथे ‘-ऑल’ (कुणालाच परवानगी नाही) एवढंच असलेलं एसपीएफ रेकॉर्ड ठेवावं. मेल घ्यायचीही नसेल तर आरएफसी ७५०५ प्रमाणे नल एमएक्स लावा: प्राधान्य शून्य आणि नावाच्या जागी नुसतं टिंब. सबडोमेन सीनेम असेल तर त्याच नावावर टीएक्सटी ठेवता येत नाही, पण त्याखालच्या अंडरस्कोअर डीमार्क या नावावर ठेवता येतं.

एकच वाइल्डकार्ड एसपीएफ लावून सगळं झाकता येईल का?

वाटतं तेवढं नाही. डीएनएसचं वाइल्डकार्ड फक्त अस्तित्वात नसलेल्या नावांना उत्तर देतं. शॉप डॉट एक्झाम्पल डॉट कॉमला नुसतं ए रेकॉर्ड असलं, तरी वाइल्डकार्डचं टीएक्सटी त्याला लागू होत नाही. त्याहून फसवं म्हणजे, एखाद्या सबडोमेनवर काहीच नाही, पण त्याखाली डीकेआयएमचा सिलेक्टर ठेवलाय, तर मधलं नाव ‘अस्तित्वात’ धरलं जातं आणि वाइल्डकार्ड तिथूनही हटतं. कुणीतरी मनाने रचलेल्या नावांपुरतं कवच म्हणून ते चालेल, पण खऱ्या नावांवर रेकॉर्ड एकेक करूनच टाकावी लागतात.

सगळं पास दिसतंय. आता निश्चिंत राहायला हरकत नाही ना?

हरकत आहे. जवळजवळ सगळे जण रिपोर्टमध्ये फक्त फेल बघतात आणि पास झालेल्याकडे कानाडोळा करतात. सबडोमेनच्या बाबतीत खरा धोका बऱ्याचदा पासच्या रकान्यात असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गार्डिओ लॅब्सने ‘सबडोमेलिंग’ नावाने उघड केलेली मोहीम आठवा. नामांकित कंपन्यांची ८,००० हून अधिक डोमेन आणि १३,००० सबडोमेन त्यात वापरली गेली होती. कोणाचाही सर्व्हर फोडावा लागला नव्हता. एक वाट होती सीनेमची: सबडोमेन कधीकाळी एखाद्या बाहेरच्या डोमेनकडे वळवलेलं, ते बाहेरचं डोमेन मुदत संपून सुटलेलं, आणि ते दुसऱ्याच कुणीतरी विकत घेतलेलं. एमएसएनचं एक सबडोमेन असंच एका जुन्या बक्षीस-स्पर्धेच्या सोडून दिलेल्या डोमेनकडे बोट दाखवत होतं. सीनेममुळे त्या डोमेनचं एसपीएफ तेच सबडोमेनचं एसपीएफ, त्यामुळे डोमेनच्या नव्या मालकाला त्यात हवे ते आयपी लिहिता आले. दुसरी वाट होती एसपीएफमधल्या इन्क्लूडची: बंद पडलेल्या सेवेचं डोमेन इन्क्लूडमध्ये तसंच राहिलेलं. अशा मेल एसपीएफ पास, डीमार्क पास. फेलवर लावलेला कोणताही अलर्ट वाजणार नाही.

म्हणून दोन कामं करायची. एक, पास झालेल्या नोंदींतले आयपी आणि नेटवर्क तुमच्या यादीतल्या सेवांशी ताडून बघायचे; यादीबाहेरचा पास हा फेलपेक्षा तातडीचा समजायचा. दोन, झोनमधल्या प्रत्येक सीनेमचं आणि प्रत्येक इन्क्लूडचं टोक अजून जिवंत आहे का आणि योग्य हातांत आहे का, हे ठरलेल्या वेळी तपासायचं. स्क्रिप्टने होणारं काम आहे.

फॉरवर्ड केलेल्या मेलमुळे फेलचा आकडा फुगतो. तो कसा बाजूला काढायचा?

फॉरवर्डिंगमध्ये एसपीएफ तुटतं, डीकेआयएम बहुधा टिकतं. मेलिंग लिस्टने विषयात किंवा खाली काही जोडलं तर डीकेआयएमही तुटतं. स्वीकारणाऱ्याने पॉलिसी सोडून वेगळा निर्णय घेतला तर रिपोर्टच्या रीझन भागात फॉरवर्डेड, मेलिंग लिस्ट, लोकल पॉलिसी असं कारण दिसतं. यंत्रं पाठवत असलेल्या सबडोमेनवर हा गोंगाट कमी असतो, कारण पासवर्ड रीसेटची मेल कुणी मेलिंग लिस्टवर टाकत नाही. तिथे फेल वाढले तर फॉरवर्डिंगवर ढकलून मोकळं होऊ नका.

सबडोमेन ननवरून रिजेक्टवर कधी न्यायची?

नेहमीचा सल्ला असतो आधी मुख्य डोमेन, मग सबडोमेन. मला उलटा क्रम जास्त पटतो. मेल पाठवणाऱ्या प्रत्येक सबडोमेनला तात्पुरतं स्वतःचं पी=नन रेकॉर्ड द्या, आरयूएसकट. मग मुख्य डोमेनवर पी=नन ठेवूनच एसपी=रिजेक्ट करा. मुख्य डोमेनवरच्या मेलला धक्का न लागता बाकी सगळी मनाने रचलेली आणि विसरलेली नावं एका दिवसात बंद होतात. यादी अपुरी असेल तर एखादं खरं सबडोमेन या तडाख्यात अडकेलच, म्हणून एसपी आधी काही दिवस क्वारंटाइनवर ठेवा. नंतर तात्पुरती रेकॉर्ड एकेक करून काढत जा. पीसीटी टॅगने टक्क्याटक्क्याने वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. सर्व्हर तो एकसारखा पाळत नव्हते, आणि सुधारित आवृत्तीतून तो काढलेला आहे.

मेलशेजारी लोगो दाखवणारं बीमी हवं असेल तर ऑर्गनायझेशनल डोमेनवर एसपी=नन चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांचे नियम सबडोमेनला लागतात का?

लागतात. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि किमान पी=नन असलेलं डीमार्क बंधनकारक केलं. जीमेलची मर्यादा दिवसाला वैयक्तिक खात्यांना ५,००० मेलची आहे, आणि ती मुख्य डोमेननुसार मोजली जाते. दोन सबडोमेनवर २,५०० अशी वाटणी करून सुटका नाही. मायक्रोसॉफ्टनेही ५ मे २०२५ पासून आउटलुकच्या ग्राहक खात्यांसाठी असाच नियम आणला. तिथे नाकारलेली मेल ५५० ५.७.५१५ या कोडने परत येते. बाउन्स लॉगमध्ये तो दिसला तर आधी कोणतं सबडोमेन ते बघा.

आरयूएफ, म्हणजे फेल झालेल्या एकेका मेलचा रिपोर्ट मागवणारा टॅग, लावावा का?

लावलात तरी फारसं हाती येणार नाही. जीमेल असे एकेका मेलचे रिपोर्ट पाठवत नाही, आणि जे पाठवतात त्यांत लोकांची खासगी माहिती येऊ शकते.

एक्झाम्पल डॉट कॉमच्या खाली दोन-तीन पातळ्या आहेत. मधल्या नावाचं रेकॉर्ड खालच्याला लागतं का?

ए डॉट बी डॉट एक्झाम्पल डॉट कॉमवर रेकॉर्ड नसेल तर आरएफसी ७४८९ नुसार थेट एक्झाम्पल डॉट कॉमकडे जातात, मधलं बी वगळून. ऑर्गनायझेशनल डोमेन कोणतं हे मोझिला सांभाळत असलेल्या पब्लिक सफिक्स (डॉट कॉमसारख्या सामायिक शेवटांच्या) यादीवरून ठरतं. डीमार्कबिसमध्ये यादीऐवजी एकेक पायरी वर चढत डीएनएसला विचारायचं असं ठरलं आहे, जास्तीत जास्त आठ वेळा. तिथे पीएसडी=एन असा टॅग लावून मधल्या नावाला ऑर्गनायझेशनल डोमेन ठरवता येतं. दोन्ही पद्धतींचे सर्व्हर बाजारात असताना शहाणपण यातच, की खोलातल्या मेल पाठवणाऱ्या नावाला सरळ स्वतःचं रेकॉर्ड द्यावं.

अलर्ट कशाकशावर लावावेत?

फेलच्या टक्केवारीवर नको, रोज वाजेल आणि आठवड्यात कुणी बघणार नाही. यांवर लावा: यादीतल्या सबडोमेनचा काउंट अचानक शून्यावर किंवा नेहमीच्या निम्म्यावर येणं, हेडर फ्रॉममध्ये नवीन सबडोमेन पास होताना दिसणं, ओळखीच्या सिलेक्टरची सही फेल होऊ लागणं, कारण चावी बदलताना जुनं रेकॉर्ड लवकर काढलेलं असतं, एसपीएफ लूकअप आठच्या पुढे जाणं, आणि अंडरस्कोअर डीमार्क किंवा एसपीएफच्या कोणत्याही रेकॉर्डमध्ये झालेला बदल. शेवटचा अलर्ट रिपोर्टवरून नाही, डीएनएस थेट तपासून लावायचा. रिपोर्ट यायला दिवस जातो.

सबडोमेन बंद करायचं आहे. कोणत्या क्रमाने?

आधी सेवेकडून मेल पाठवणं बंद करा आणि दोन-तीन आठवडे रिपोर्टमध्ये काउंट शून्य राहतो का ते बघा. मग डीकेआयएमच्या चाव्या आणि सीनेम काढा. त्यानंतर एसपीएफमधला इन्क्लूड काढून ‘-ऑल’ ठेवा, आणि नाव बाहेर कुठेही बोट दाखवत नाही याची खात्री करा. व्हेंडरचं खातं बंद करणं या सगळ्याच्या नंतर. ते आधी बंद केलंत तर त्या सेवेवरचं तुमचं नाव मोकळं होतं आणि डीएनएस अजून तिकडेच पाठवत असतो. स्वतःचं डीमार्क रेकॉर्ड असेल तर ते सगळ्यात शेवटी काढा, मुख्य डोमेनवर एसपी=रिजेक्ट आहे हे बघून. यादीतली ओळ खोडू नका. पुढे बंद झाल्याची तारीख टाका. वर्षभराने हे नाव रिपोर्टमध्ये पुन्हा उगवलं तर विचारायला तीच ओळ लागेल.